दिवा विझला म्हणजे बिघाड गेला असं नाही

(सामुदायिक रेडिओवर बचतगटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

आज बचतीचा किंवा कर्जाचा विषय नाही. आज गाडीच्या मीटरवर लागणाऱ्या एका छोट्याशा दिव्याबद्दल बोलायचं आहे. विजेवरची नवीकोरी गाडी घेतली, नारळ फोडला, आणि थोड्याच दिवसांत मीटरवर पिवळा दिवा लागला. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, दिवा विझला. घरी आणली, चार दिवसांनी पुन्हा तोच दिवा. असं एकदा नाही, पाच-सहा वेळा झालं तर बाईनं काय करायचं? हेच आज सांगायचं आहे. वही-पेन जवळ घेऊन बसा, मध्ये दोन फोन नंबर सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, गाडीचा विषय बायांच्या कार्यक्रमात कायले? तर मैत्रिणींनो, आता गाड्या आपल्या नावावर यायला लागल्या आहेत. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली. गटातल्या बाईनं गावच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवावी, हा तिचा उद्देश. आपल्या राज्यात पिंक ई-रिक्षा योजना आली, त्यात अमरावतीचाही समावेश आहे. किमतीच्या २० टक्के सरकार देतं, १० टक्के बाईनं भरायचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. शिवाय कितीतरी जणींनी कोणत्याही योजनेशिवाय, स्वतःच्या कर्जावर गाड्या घेतल्या आहेत. गाडी बंद पडली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी तो दिवा काय सांगतो ते समजून घेऊ. विजेच्या गाडीत इंजिनाच्या जागी मोटर असते आणि डिझेलच्या टाकीच्या जागी लिथियमची बॅटरी. त्या बॅटरीवर लक्ष ठेवायला आत एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याला बीएमएस म्हणतात. बॅटरी किती तापली, किती भरली, तारांतून वीज नीट वाहते की नाही, हे तो सतत पाहत असतो. काही मर्यादेबाहेर गेलं की तो स्वतःच्या आठवणीत एक कोड लिहून ठेवतो आणि मीटरवर दिवा लावतो. शहरात आता पेट्रोलची टाकीही आहे आणि चार्जिंगचा प्लगही आहे अशा महागड्या गाड्या आल्या आहेत. त्यांच्यातही दिव्याचं गणित हेच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सर्व्हिस सेंटरवाला लॅपटॉप जोडतो, तो कोड पुसतो आणि दिवा विझतो. कधी कधी गाडी बंद करून चालू केली तरी दिवा जातो. पण दिवा जाणं आणि बिघाड दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तापाची गोळी घेतली की अंग थंड होतं, पण मलेरिया असला तर तो आतच राहतो आणि ताप पुन्हा येतो. दिव्याचंही तसंच आहे.

दिव्याचा रंग ओळखा. लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या, थांबवा, आणि सर्व्हिस सेंटरला फोन केल्याशिवाय पुढे नेऊ नका. पिवळा किंवा नारिंगी दिवा लागला तर माल उतरवून, सावकाश गाडी तपासायला न्या. काही गाड्यांत कासवाचं चित्र लागतं. याचा अर्थ गाडीनं स्वतःच आपली ताकद कमी केली आहे, ओझं वाढवू नका. प्रत्येक कंपनीची चित्रं थोडी वेगळी असतात. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत ती छापलेली असतात. ते पान काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या आणि चालवणाऱ्या प्रत्येकीला दाखवा.

दिवा त्रास देतो म्हणून त्याच्यावर काळी पट्टी चिकटवणारेही लोक आहेत. तसं करू नका. २०२२ मध्ये देशात विजेवरच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्र सरकारनं दुचाकी आणि तीनचाकी गाड्यांच्या बॅटरीचे नियम कडक केले. बॅटरी धोकादायक तापू लागली तर चालकाला आधीच इशारा मिळाला पाहिजे, अशी अट घातली. म्हणजे हा दिवा आपल्या जिवासाठी आहे. धूर दिसला, जळका वास आला, तर माल वाचवत बसायचं नाही. आधी माणसं लांब न्यायची आणि ११२ ला फोन करायचा.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमच्या भागातल्या एका ताईंनी ग्रामसंघाकडून काही रक्कम आणि बँकेकडून कर्ज घेऊन सामान वाहायची तीनचाकी विजेची गाडी घेतली. गाडी त्यांच्याच नावावर, चालवतात त्याच. गटाची तूरडाळ, पापड, शेवया, सरगुंडे बाजाराला न्यायचे आणि येताना किराणा दुकानदारांचं सामान आणायचं, असं काम. महिन्याचा हप्ता नऊ हजारांच्या घरात. दसऱ्याला गाडी आली आणि दिवाळी झाल्यावर पहिल्यांदा पिवळा दिवा लागला. दिवा लागला की गाडी ओढेना. सायकलवाला पुढे जाईल इतकी हळू चालायची.

पहिल्यांदा गाडी सेंटरला नेली. अर्ध्या तासात परत मिळाली. "काही नाही जी, सेटिंग होतं, केलं." आठवड्यानं पुन्हा दिवा. दुसऱ्यांदा सांगितलं, चार्जिंग नीट करत नसाल. तिसऱ्यांदा सांगितलं, ओझं जास्त भरत असाल. चौथ्यांदा तिथला माणूस ताईंना बाजूला ठेवून त्यांच्या नवऱ्याला म्हणाला, "बाईले गाडी जमत नसेल, तुम्ही चालवून पाहा." ताई तिथंच बोलल्या, "मी कशी चालवतो ते मले मालूम आहे. दिवा कायचा लागते ते तुम्ही सांगा."

मैत्रिणींनो, ताईंचा हा सवाल बरोबर होता. पण नुसत्या बोलण्यानं त्याचं उत्तर मिळत नाही. तोंडी तक्रार केली तर समोरचा म्हणतो, मागच्या वेळी तुम्ही वेगळंच सांगितलं होतं. मग गटाच्या बैठकीत हा विषय आला. एका मावशींनी विचारलं, "आपण दर बैठकीत दहा-दहा रुपयांचा हिशोब लिहितो, मग या गाडीचं काऊन नाही लिहित?" आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, आणि पाचवं, लेखे अद्ययावत ठेवणं. तेच सूत्र आम्ही गाडीला लावलं.

एक शंभर पानी वही घेतली. त्यात रकाने आखले. तारीख. वेळ. गाडी किती किलोमीटर चालली होती. कोणता दिवा, कोणता रंग. बॅटरी किती टक्के भरलेली होती. गाडीत ओझं किती होतं. रस्ता कोणता, डांबरी की पांदण. ऊन, पाऊस की थंडी. दिवा लागल्यावर गाडी कशी चालली. दिवा कधी गेला. आणि शेवटचा रकाना, फोटो घेतला का. लिहिता येत नसेल तर दिव्याचं चित्र काढा, बाकीचं घरातल्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. फोटो असा घ्या की दिवा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही एकाच फोटोत दिसतील.

दीड महिन्यात वहीत अकरा नोंदी झाल्या. त्या एकाखाली एक वाचल्या तेव्हा सगळ्यांच्याच लक्षात आलं. डांबरी रस्त्यानं गाडी गेली त्या दिवशी एकदाही दिवा लागला नव्हता, मग ओझं कितीही असो. अकराच्या अकरा वेळा गाडी पांदण रस्त्यानं गेली होती. ओल्या काळ्या मातीत बैलगाडी-ट्रॅक्टरची चाकं रुतून चाकोऱ्या पडतात आणि वाळल्यावर त्या दगडासारख्या होतात. त्यावरून गाडी गदगदा हलते. म्हणजे चार्जिंग, ओझं, बाईचं चालवणं, यातलं काहीच कारण नव्हतं. हादरा बसला की काहीतरी सुटत होतं.

ही नोंद घेऊन पत्र लिहिलं. विक्रेत्याला एक आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला एक. मग कंपनीचा इंजिनिअर आला. त्यानं हौद्याखालच्या तारा उघडून पाहिल्या. बॅटरीकडून येणाऱ्या बारीक तारांच्या एका जोडणीचं कुलूप नीट बसलेलंच नव्हतं. हादरा बसला की जोडणी क्षणभर सुटायची, संगणकाला वाटायचं बॅटरीत बिघाड आहे, आणि तो गाडीची ताकद कमी करायचा. त्याआधी सेंटरवाले बॅटरीच बदलायची भाषा करत होते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातली गत. तारांचा तो जुडगा वॉरंटीत बदलून मिळाला आणि दिवा थांबला. गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडं मात्र मिळालं नाही. तेवढं नुकसान ताईंनाच सोसावं लागलं. म्हणून सांगतो, वही पहिल्या दिव्यापासूनच सुरू करा.

प्रत्येक गाडीत हाच बिघाड असेल असं नाही. आपल्याकडच्या हवापाण्यामुळे आणखी काही कारणं संभवतात, तीही ऐका.

पहिलं कारण ऊन. आपल्या अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बॅटरी आधीच चालून तापलेली असते. अशा वेळी भर दुपारी उन्हात चार्जिंगला लावली की संगणक चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो आणि दिवा लावतो. गाडी सावलीत उभी करा, अर्धा-पाऊण तास निवू द्या, मग चार्जिंगला लावा. रात्री किंवा पहाटे चार्जिंग केलेलं सगळ्यात बरं.

दुसरं कारण अर्थिंग. गाडीचं चार्जर तीन पिनांच्या, जाड पिनांच्या सॉकेटवर लावायचं असतं, आणि त्याची तिसरी पिन जमिनीशी जोडलेली हवी. कितीतरी घरांत ती तार नुसती लोंबत असते. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो. त्यात अधूनमधून पाणी टाकावं लागतं. चार्जिंग सुरू करताना दिवा लागत असेल तर आधी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि व्होल्टेज तपासून घ्या. साधी एक्स्टेंशन बोर्डाची वायर वापरू नका, ती तापते.

तिसरं कारण खारं पाणी. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, पूर्णेच्या काठचा हा आपला खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यानं भांड्यांवर पांढरा थर बसतो, तसाच तो तारांच्या जोडण्यांवरही बसतो आणि धातू खातो. गाडी धुताना खालून पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. ओल्या फडक्यानं पुसली तरी चालते.

चौथं कारण छोटी बॅटरी. पुष्कळ गाड्यांत मोठ्या बॅटरीशिवाय बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. दिवे, हॉर्न आणि संगणक तिच्यावर चालतात. ती कमजोर झाली की एकाच वेळी तीन-चार दिवे लागतात आणि आपण घाबरतो. सेंटरला सांगा, आधी छोटी बॅटरी तपासा.

आणि एक काम कधीच करू नका. जाड तारा, बॅटरीची पेटी घरी किंवा गावच्या मेकॅनिककडे उघडू नका. जिवाला धोका आहे, आणि बाहेर उघडली म्हणून वॉरंटी नाकारायला त्यांना कारण मिळतं.

आता सेंटरला गेल्यावर काय करायचं ते लिहून घ्या. जॉबकार्ड केल्याशिवाय गाडी आत सोडायची नाही. "फक्त पाहून देतो" असं म्हटलं तरी जॉबकार्ड मागायचं. त्यावर "जनरल चेकअप" लिहू द्यायचं नाही. आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला सांगायची, आणि दर वेळी तेच शब्द. "पिवळा बॅटरीचा दिवा लागतो, गाडी ओढत नाही, ही चौथी वेळ." किलोमीटर, गाडी दिल्याची तारीख, परत मिळाल्याची तारीख, तिन्ही हवीत. लॅपटॉप जोडल्यावर विचारा, "कोड कोणता आला? पुसायच्या आधी लिहून द्या." दोष सापडला नाही म्हणाले तर "दोष आढळला नाही" असंही लिहून घ्या. तो कागद पुढे कामाला येतो. आणि एकटी जाऊ नका. गटातली एक मैत्रीण सोबत न्या.

दोन-तीन वेळा होऊनही दिवा येतच असेल तर पत्र लिहा. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही. तारीखवार नोंदी, जॉबकार्डांच्या झेरॉक्स आणि आपली मागणी. मागणी स्पष्ट हवी. दोष कायमचा दुरुस्त करा, नाहीतर तो भाग बदला, नाहीतर गाडी बदलून द्या. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा, पावती वहीला चिकटवा.

त्यानंही काम झालं नाही तर पहिला नंबर लिहा, १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. इथं मराठीतही तक्रार नोंदवता येते. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, पुष्कळ प्रकरणं तिथंच मिटतात.

तिथं नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. अमरावतीला आहे, अकोल्यालाही आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग कंपनीचं कार्यालय पुण्याला असो की दिल्लीला. पन्नास लाखांपर्यंतच्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि पाच लाखांपर्यंत कोणतीही फी नाही. तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. दोष शोधायला तपासणी लागेल तर आयोग ती करवून घेऊ शकतो. दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई, असा आदेश देऊ शकतो. वकील लावलाच पाहिजे असं नाही.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. समोरचा पक्ष म्हणू शकतो, तुम्ही गाडी धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यात खरंच तसं आहे. व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही. पण त्याच कायद्यात पुढं स्पष्ट लिहिलं आहे की, केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि स्वतः वापरली तर तो व्यापारी हेतू धरायचा नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या खटल्यात हे उदाहरणासह सांगितलं. ऑटोरिक्षा घेऊन स्वतः चालवणारा आणि त्यावर पोट भरणारा माणूस ग्राहकच आहे. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही. म्हणून गाडी घेताना विचार करा. जी चालवणार तिच्या नावावर गाडी असली, लायसन्स तिचं असलं, आणि गटाच्या ठरावात "स्वतःच्या उपजीविकेसाठी" असं लिहिलेलं असलं, तर पुढे तिची बाजू मजबूत राहते. गाडी आधीच ग्रामसंघाच्या नावावर असेल तर तक्रारीआधी सल्ला घ्या.

सल्ल्याला पैसे लागतील का? नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दुसरा नंबर लिहा, १५१००. ही विधी सेवेची हेल्पलाइन.

मैत्रिणींनो, नवीन यंत्र आलं की त्याचा दोष बाईच्या माथी मारणं फार सोपं असतं. पिठाच्या गिरणीचंही तेच, फ्रीजचंही, फवारणीच्या ड्रोनचंही तेच. "तुम्हाला वापरता येत नाही" असं म्हटलं की बाई गप्प बसते, आणि वॉरंटीची मुदत निघून जाते. आमच्या ताई गप्प बसल्या नाहीत, आणि त्यांच्या बोलण्याच्या पाठीशी अकरा नोंदींची वही होती. त्या वहीला "बाईले जमत नसेल" असं म्हणता आलं नाही.

तर या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या कोणाकडे कर्जावर घेतलेलं यंत्र किंवा गाडी आहे, त्याची यादी करा. प्रत्येक यंत्राचं बिल, वॉरंटी कार्ड आणि विम्याचा कागद एका पिशवीत ठेवा. वॉरंटी कोणत्या तारखेला संपते, ती तारीख इतिवृत्तात लिहा. आणि प्रत्येक यंत्रासाठी एक वही सुरू करा, तिची जबाबदारी एकीकडे द्या. वहीचा खर्च वीस-तीस रुपये आहे. पुढच्या महिन्यात कितीजणींच्या वह्या सुरू झाल्या ते आम्हाला नक्की कळवा.